मायक्रोएलईडीसाठी थांबायचं म्हणे!

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा मामांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: आत्ता ओएलईडी टीव्ही घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन वर्षांत मायक्रोएलईडी येतोय, 55 इंची साठ हजारांत मिळेल. एलसीडी स्वस्त झाला तसा हाही होईल. काही दुकानांत तर आलाय. शिवाय ओएलईडीवर डाग पडतात. शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळा हवेतला बार आहे. आधी एवढंच: एलसीडीत पडद्यामागे दिवे लागतात, ओएलईडी आणि मायक्रोएलईडीत चित्राचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो.

'दोन वर्षांत येतोय.' सोनीने 55 इंची 'क्रिस्टल एलईडी'चा, म्हणजे मायक्रोएलईडीचाच, नमुना लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडला तो 2012 मध्ये. सॅमसंगने 146 इंची मायक्रोएलईडी 'द वॉल' दाखवली 2018 मध्ये. तेव्हापासून ही दोन वर्षं काही संपलेली नाहीत. भारतात 2023 च्या ऑगस्टमध्ये सॅमसंगचा 110 इंची मायक्रोएलईडी आला खरा. किंमत 1 कोटी 14 लाख 99 हजार. एवढ्यात आमच्या गावात भिंतीसकट घर येतं.

'एलसीडी, ओएलईडी स्वस्त झाले, मग हाही होईल.' हे पटकन पटतं, म्हणून जरा नीट बघू. एलजीचा 55 इंची ओएलईडी 2013 मध्ये अमेरिकेत 15 हजार डॉलरला होता. सातेक वर्षांत तो दीड हजाराच्या आसपास आला. कारण 2200 बाय 2500 मिलिमीटरच्या एका काचेवर उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा थर चढवायचा आणि त्यातून 55 इंची सहा पॅनेल कापायची. वड्या थापण्यासारखंच, परात मोठी, वड्या जास्त.

मायक्रोएलईडीत थापणं नाही, वेचणं आहे. प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या ठिपक्याला, लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, केसाएवढे किंवा त्याहून बारीक. ते वेगळ्या चकतीवर घडवायचे आणि तिथून उचलून पडद्यावर बसवायचे. 4के पडद्यात पिक्सेल सुमारे 83 लाख, म्हणजे दिवे 2 कोटी 49 लाख. दहा हजारांत एकच बाद निघाला असं धरलं तरी अडीच हजार मेलेले दिवे शोधून बदलायचे. त्यात गंमत अशी की पडदा 110 इंची असो वा 55 इंची, 4के म्हटलं की दिवे तेवढेच. टीव्ही अर्धा केला म्हणून वेचण्याचं काम अर्धं होत नाही. उलट जागा कमी म्हणून दिवे आणखी बारीक लागतात. ॲपलने तर मनगटी घड्याळापुरताच हा घाट घातला होता. 2024 मध्ये तोही गुंडाळल्याच्या बातम्या आल्या.

आणि येणार म्हणून गाजलेलं प्रत्येक तंत्र येतंच असंही नाही. कॅनन आणि तोशिबाने 2004 मध्ये एसईडी नावाच्या वेगळ्याच तंत्राच्या पडद्यासाठी खास कंपनी काढली, 2006 मध्ये प्रदर्शनात वाहवा मिळवली, आणि 2010 मध्ये कॅननने घरगुती टीव्हीचा नाद सोडला. तोवर एलसीडी इतका उतरला होता की एसईडीला शिरायला फटच राहिली नाही.

'दुकानात आलाय.' आलाय तो मिनीएलईडी. तो एलसीडीच, मागचे दिवे तेवढे बारीक आणि गटागटाने मंद-प्रखर होणारे. 2025 मध्ये सॅमसंगने 115 इंची 'मायक्रो आरजीबी' काढून घोळ आणखी वाढवला. नावात मायक्रो असलं तरी तोही एलसीडीच. दुकानात ओळखायचं असेल तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लावायला सांगा आणि जरा बाजूला सरकून बघा. अक्षरांभोवती धूसर प्रभावळ दिसली तर मागे एलसीडी आहे.

राहिले डाग. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ झिजतात, आणि एकाच जागी तासन्‌तास तेच चित्र राहिलं तर तिथे जास्त झिजतात. सिनेमा-मालिका आलटून पालटून बघणाऱ्यांना याचा फारसा त्रास नाही. पण मामांकडे सकाळी सहापासून रात्री जेवणापर्यंत बातम्या, खाली ती लाल पट्टी. त्यांनी मिनीएलईडीच घ्यावा, आणि याच दिवाळीत घ्यावा.