खुलासा: आघातानंतर मेंदू ‘कायमचा बिघडतो’, हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर मजकूर फिरतोय: मोठ्या मानसिक आघाताने हिप्पोकॅम्पस (आठवणी घडवणारा मेंदूचा भाग) आकसतो, अमिग्डला (धोका ओळखणारा भाग) बिघडतो आणि माणूस पुन्हा सावरत नाही. हे वाचून कृपा करून कुणी उपचार सोडू नयेत.

पीटीएसडीच्या (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या) रुग्णांत हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान आढळतो, हे खरं. पण २००२ साली व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ तपासले, तेव्हा तीव्र पीटीएसडी असलेल्यांच्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे तो फरक काही अंशी आधीपासूनचा असू शकतो.

बदलतो तो ताळमेळ. अमिग्डला धोक्याची सूचना देतो, कपाळामागचा भाग तिला आवर घालतो. हा आवर सैल पडला की फटाका वाजताच छाती धडधडते, हात घामेजतात. दिवाळी आहे हे नंतर लक्षात येतं. काहींत नेमकं उलट होतं: आवर इतका घट्ट बसतो की माणूस बधिर दिसतो. म्हणून ‘रडली नाही, म्हणजे सावरली’ हा निष्कर्षही चुकीचा.

एक्सपोजर उपचारात, म्हणजे भीतीच्या आठवणींना आणि प्रसंगांना हळूहळू सामोरं जाण्याच्या उपचारात, साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी ६० ते ९० मिनिटांच्या. जुनी भीती पुसली जात नाही. ‘आता धोका नाही’ हे नवं शिक्षण तिच्यावर मात करतं. भीती शिगेला असताना दरवेळी उठून गेलं, तर सुटका टाळण्यातच आहे हेच मेंदू शिकतो. घटनेनंतर लगेच सगळं खोदून विचारू नका. त्रास महिन्याहून जास्त टिकला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.