चोरखिसा

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, कोथरूडातील आमच्या बँकेच्या शाखेत, एका अनोळखी गृहस्थांनी सदऱ्याची वरची दोन बटणे काढून मला आपल्या बनियनचा चोरखिसा दाखवला. तो पाहण्याची इच्छा मी कोणत्याही प्रकारे व्यक्त केलेली नव्हती. माझे चुकले ते एवढेच, की काउंटरवरील मुलीला मी माझी कैफियत जरा मोठ्या आवाजात सांगितली, आणि पुण्यातल्या बँकेत मोठ्या आवाजात सांगितलेली कैफियत ही बाकावर बसलेल्या सर्वांच्या सामाईक मालकीची होते.

कैफियत थोडक्यात अशी. बँकॉकमध्ये एका देवळाबाहेर सौभाग्यवतींनी दोन शहाळी फोडून घेतली, आणि ती निम्मी पिऊन झाल्यावर खिशातील बाट संपल्याचे माझ्या ध्यानात आले. शेजारीच एटीएम होते. त्याने प्रथम मला वेगळे शुल्क पडेल असे बजावले, मी निमूटपणे संमतीचे बटण दाबले, आणि एवढी कबुली घेऊन झाल्यावर त्याने ‘आपल्या बँकेशी संपर्क साधा’ असे सांगत कार्ड बाहेर ढकलले. शहाळेवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड होता, पण आमचे ॲप त्याला ओळख दाखवीना. अखेर मागे उभ्या असलेल्या सांगलीच्या एका जोडप्याने आमच्या शहाळ्यांचे पैसे दिले. परत कसे करू, असे मी विचारताच ते गृहस्थ हसून म्हणाले, “राहू द्या हो! पुण्याचे ना तुम्ही?”

या वाक्याचा अर्थ मी अजूनही लावतो आहे.

काउंटरवरील मुलगी शांत होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२०मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड केवळ देशातल्या एटीएमपुरते आणि दुकानांतल्या यंत्रांपुरते चालू करून दिले जाते. परदेशातला वापर ज्याचा त्याने सुरू करायचा असतो. तो मी निघण्यापूर्वी केला होता. “पण सर, तुम्ही फक्त दुकानांचे बटण चालू केले आहे. एटीएमचे वेगळे असते,” ती म्हणाली. ते मला तिथेच, शहाळ्याच्या गाडीपाशीच कळले होते. परंतु ते चालू करण्यासाठी लागणारा ओटीपी येणार पुण्याच्या सिमवर, ते सिम थायलंडचे सिम घालताना मी काढून सुपारीच्या डबीत ठेवलेले, आणि डबी हॉटेलात.

“सिम काढलेत कशाला?”

हा प्रश्न मुलीचा नव्हता. तो बाकावरून आला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पासबुक. मी उत्तर न देण्याचे ठरवले होते, तरी दिले.

“दुसरे घालायचे होते म्हणून.”

“मग दुसरे कार्ड कुठे होते?”

“कोणते दुसरे?”

“म्हणजे एकाच कार्डावर परदेश?” हे त्यांनी मला न विचारता शेजारच्या बाईंना विचारले, आणि त्या बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी एकाच चपलेवर सिंहगड चढून आलो होतो. “एक कार्ड पाकिटात, एक बॅगेत आणि नोटा इथे.” इथे बटणे निघाली. खिसा पांढऱ्या मांजरपाटाचा होता, त्याला दोन टिचबटणे आणि वर सुरक्षिततेसाठी एक सेफ्टी पिन होती. “३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात एका खेपेला. नियम आहे. तुम्ही किती नेलेत?”

“दोन हजार बाट,” मी म्हणालो. बाकावर शांतता पसरली.

“आपण किती देश पाहिलेत?” मी जरा तिरकसपणे विचारले.

“एक. नेपाळ धरून.” त्यांना माझा तिरकसपणा लागलाच नाही. “पण आमचे थोरले बंधू १९६९ साली अमेरिकेला गेले, तेव्हा सरकार आठ डॉलर नेऊ देत असे. आठ! त्या आठांतले तीन त्यांनी शिल्लक ठेवले.” पुढे त्यांनी ट्रॅव्हलर्स चेकचे गुणगान केले: एक सही विकत घेताना करायची, दुसरी वटवताना समोरच्याच्या डोळ्यांदेखत, दोन्ही जुळल्या की रोकड. “सही कधी डबीत राहून जात नाही,” ते म्हणाले.

त्यांचे सगळेच बरोबर होते, हाच माझ्या संतापाचा गाभा आहे. मूर्ख माणसाने दिलेला सल्ला विसरता येतो; बटणे उघडी टाकून दिलेला योग्य सल्ला कुठे ठेवावा हे कळत नाही.

आणि ज्याबद्दल मी खरोखर तक्रार करायला गेलो होतो, ती तर राहूनच गेली. हॉटेलच्या यंत्राने मला बिल बाटमध्ये भरणार की रुपयांत, असे विचारले होते. परमुलखात रुपया भेटल्याच्या आनंदात मी रुपया निवडला. तो दर आपल्या बँकेचा नसतो, यंत्राच्या मालकाने ठरवलेला असतो, आणि तो ठरवताना त्याने माझ्या आनंदाचा पूर्ण हिशोब केलेला असतो. बाट निवडून भरलेल्या बाकीच्या बिलांवर माझ्या बँकेने साडेतीन टक्के लावले, त्या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. पैसे माझे, घाम माझा, आणि ते माझेच आहेत हे पटवून देण्याचे शुल्कही मीच भरायचे. एटीएमचे शुल्क तर एक हजार काढा की वीस हजार, तेवढेच. म्हणजे जपून थोडे थोडे काढणारा मध्यमवर्गीय माणूसच तिथे सर्वांत जास्त लुटला जातो. हे मी मुलीला सांगू लागलो, तेव्हा तिने मला कस्टमर केअरचा क्रमांक लिहून दिला. म्हणजे बँकेत येऊनही बँकेशी संपर्क साधायचा होताच.

एव्हाना आजोबा उठून पासबुक छापण्याच्या यंत्रापाशी गेले होते. त्यांनी पासबुक सरळ घातले, ते बाहेर आले. उलटे घातले, ते बाहेर आले. सदऱ्याच्या टोकाने बारकोड पुसून पुन्हा घातले. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि पडद्यावरील अक्षरे त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. कृपया शाखेशी संपर्क साधा, असे तिथे लिहिले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. सदऱ्याची बटणे मात्र तेवढी लावून घेतली.