आई पुन्हा तीच पुडी मागतेय

आज सकाळी आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाली, "शेजारच्या वहिनींनी सोमवारच्या बाजारातून ती गुडघेदुखीची 'आयुर्वेदिक' पुडी आणलीय. दोनच दिवस घेऊ का गं?" माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तेव्हापासून काम सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

जुन्या मंडळींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. तीन वर्षांपूर्वी आईने ह्याच पुड्या पाच महिने घेतल्या, सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यातून. चौथ्या दिवशी बाई जिना चढून गच्चीवर पापड घालायला गेली! आम्ही सगळे खूश. मी स्वतः चार जणींना सांगितलं. मग तिचा चेहरा गोल झाला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. कधी नव्हती ती साखर निघाली. पुढे विकणारा दोन बाजार आलाच नाही, पुड्या संपल्या, आणि आठवड्याभरात आई न्हाणीत कोसळली. बीपी लागेना. आयसीयूतल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "झाडपाल्याचं काही चालू होतं का?" रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते स्टेरॉइड, तळाला गेलेलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं, आणि बाहेरचं अचानक बंद झालं की माणूस असा ढासळतो, हे मला तेव्हा कळलं. पुडी आणा म्हणाले, तपासायला पाठवू. आईने कागदासकट सगळं चुलीत घातलं होतं.

आता लगेच कोणी म्हणेल, ह्यात आयुर्वेदाचा काय दोष? काहीच नाही! आमच्या आळीतल्या वैद्यांनी माझ्या आजोबांना वर्षानुवर्षं सांभाळलं. काढ्यात काय घातलंय ते कागदावर लिहून द्यायचे. माझं भांडण त्यांच्याशी नाही. 'आयुर्वेदिक' एवढा एक शब्द छापला की कोणी काही विचारत नाही, त्याच्याशी आहे.

कायदा आहे की. १९४० चा औषध कायदा, त्यात आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळं प्रकरण आहे. बनवायला परवाना लागतो, वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर लागतो. स्टेरॉइड मिसळणं गुन्हाच आहे. पण विकायला? मेडिकलवाल्याला परवाना, फार्मासिस्ट, बिलं, सगळं हवं. आयुर्वेदिक औषध विकायला परवानाच लागत नाही. किराणा दुकान, एसटी स्टँड, बाजारातली ताडपत्री, कुठेही मांडा. मग औषध निरीक्षकाने शोधायचं तरी कोणाला? ग्रंथातलं औषध असेल तर परवाना घेताना सुरक्षिततेच्या चाचण्या मागत नाहीत, ग्रंथाचा आधार पुरतो. ठीक आहे, पुरू दे. ग्रंथात काय लिहिलंय हा माझा प्रश्नच नाही. पुडीत काय आहे, एवढंच मला हवंय.

आणि हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. इकडे धावपळ झाली आणि १ जानेवारी २००६ पासून वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. कोणत्या? निर्यातीच्या! परदेशातल्या गिऱ्हाईकाचं मूत्रपिंड मोलाचं. माझ्या आईचं?

जाहिरातींचंही तेच. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून बंदी आहे, आणि एसटीत ड्रायव्हरच्या मागे तेच स्टिकर. २०१८ मध्ये नियम १७० आणला, आधी राज्याची मंजुरी मग जाहिरात. १ जुलै २०२४ ला सरकारने तोच काढून टाकला. सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये स्थगिती दिली, पण २०२५ मध्ये कोर्टाने ते प्रकरण बंद केलं आणि स्थगितीही उठली. आता बसा स्टिकर वाचत.

हो, इंग्रजी औषधांतही सगळं आलबेल नाही. २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपने छिंदवाड्याची लेकरं गेली, त्यातली कित्येक आपल्या नागपूरला आणली होती. पण तिथे निदान बाटलीवर नाव होतं. कारखाना सापडला.

सकाळी मी आईवर ओरडले. नको होतं ओरडायला. त्या पाच महिन्यांत ती डोंगरावरच्या देवीला जाऊन आली होती, वीस वर्षांनी. गुडघा बदलायचा खर्च तिला माहीत आहे, ऑपरेशनची भीती वाटते, आणि रात्री कुशीवर वळताना काय होतं ते तिचं तिलाच माहीत. आयुष्यात तिला खरंच उतार पडला तो त्या पुडीनेच, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू? बाजारात बसून ती पुडी विकणाऱ्याला, आणि त्याच्या मागे बसून त्यात स्टेरॉइड मिसळणाऱ्याला, हे पक्कं ठाऊक आहे. बायका परत येतात ते कशामुळे, हे त्यांना आमच्याआधी कळलेलं असतं.

आत्ता पुन्हा फोन केला. वहिनींनाही सांगायला लावलं, एकही पुडी घेऊ नका आणि आधीच घेत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांकडे चला, मी येतेय. आणि आई, ह्या वेळी चुलीत घालू नकोस. कागदासकट डब्यात ठेव, झाकण घट्ट लाव. शनिवारी पहिल्या एसटीने निघते, सोमवारी रजा टाकलीय. तो डबा घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात जाणार आहे.