कृष्णेतील ‘लॉब्स्टर’विषयी खुलासा

‘सांगलीत कृष्णेच्या पात्रात समुद्री लॉब्स्टरची पैदास होत आहे’ असा संदेश निळ्या नांग्यांच्या प्राण्याच्या छायाचित्रासह फिरत आहे. तो चुकीचा आहे. छायाचित्रातील प्राणी गोड्या पाण्यातील मोठा झिंगा आहे. नांगीवाल्या लॉब्स्टरच्या पायांची पहिली जोडी सर्वांत दणकट असते; येथे दुसरी जोडी लांब आहे, शिवाय पोटाच्या दुसऱ्या वलयाचे कवच पहिल्या आणि तिसऱ्या वलयांवर चढलेले स्पष्ट दिसते, आणि झिंग्याची ही खूण मला निर्णायक वाटते. कोकण किनाऱ्यावरच्या शेवंडाला, म्हणजे तिथल्या समुद्री लॉब्स्टरला, तर मोठ्या नांग्याच नसतात. या झिंग्याच्या पिलांनाही सुरुवातीला निमखारे पाणी लागते, त्यामुळे सांगलीच्या गोड्या पाण्यात त्याचीसुद्धा वाढती पैदास संभवत नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. ज्यांनी पाठवला असेल त्यांनी त्याच गटात हा खुलासा द्यावा.