सामना किती वाजता आहे?

आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तारीख ठरवायला बसलो की टेबलावर दोन गोष्टी लागतात. एक कालनिर्णय आणि दुसरं मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं वेळापत्रक. पुण्याच्या बहिणीला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. पण हे विद्यापीठ ज्या गावात आहे त्या ॲन आर्बरच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या घरात आणि स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. घरचा सामना असला की त्या शनिवारी एम-१४ किंवा यूएस-२३ या हायवेंवर गाडी काढणं म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाडी घालण्यासारखं आहे.

परवाच्या बैठकीत एका नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही इथल्या जुन्या ना? त्या दिवशी सामना किती वाजता आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणालाच देता आलं नसतं. हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांच्या वेळा आधी कळतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बऱ्याच सामन्यांची वेळ टीव्ही चॅनलवाले बारा दिवस आधी सांगतात, कधी कधी तर फक्त सहा दिवस आधी. दुपारी बारा, साडेतीन, संध्याकाळी साडेसात, काहीही असू शकतं. मी घरी आले आणि झोप लागेना. तिचा प्रश्न साधा होता, पण पस्तीस वर्षांपूर्वी तो कुणाला पडलाच नसता. तेव्हा सामना दुपारी बारा-एकलाच असायचा, फार तर साडेतीनला. रात्रीच्या सामन्याचा प्रश्नच नव्हता. शनिवारची दुपार फुटबॉलची, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

मी इथे आले १९९१च्या ऑगस्टमध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. हे इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होते. नॉर्थ कॅम्पसवर विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी घरं आहेत, तिथे राहायचो. ह्यांच्या गाइडना एका शनिवारी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून त्यांनी आपली दोन तिकिटं आम्हाला दिली. १४ सप्टेंबर, समोर नोटर डेम विद्यापीठाचा संघ. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढंच माझं ज्ञान.

स्टेडियमपर्यंत चालत गेलो तरी मला स्टेडियम दिसेना. १९२७ साली ते जमिनीत खोल खणून बांधलंय. २०१०पासून दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या आहेत, त्यामुळे आता ते लांबून दिसतं. तेव्हा मात्र रस्त्यावरून नुसती बुटकी भिंत दिसायची. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबले. आम्ही सगळ्यात वरच्या पायरीवर होतो आणि पुढे खाली, खाली, खाली माणसांनी भरलेल्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या. लहानपणी आजोळी एक जुनी बारव होती, तिच्या काठावर उभं राहिल्यावर पोटात जसा गोळा यायचा तसा आला. पाण्याच्या जागी तळाशी हिरवंगार मैदान.

बसायला सलग बाक, त्यावर आकडे लिहिलेले. आपल्या आकड्याच्या जागेत मावायचं म्हणजे शेजाऱ्याला खेटूनच बसावं लागतं, आणि थंडीत सगळ्यांच्या अंगावर जाड कोट आले की आणखीच. माझ्या शेजारी साठीच्या पुढचं एक जोडपं होतं. माझा गोंधळलेला चेहरा बघून त्या गृहस्थांनी आपल्या जाड बोटांवर मोजून दाखवलं: चार प्रयत्न, दहा यार्ड, म्हणजे चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा. बाकीचं नंतर कळेल म्हणाले.

चौथ्या क्वार्टरमध्ये आपण १७-१४ने पुढे होतो. चौथा प्रयत्न, आणि हवा होता जेमतेम एक यार्ड. गृहस्थ म्हणाले, आता कुणीतरी डोकं खाली घालून घुसणार. पण आपल्या एल्विस गर्बॅकने बॉल सरळ एंड झोनकडे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्टीकडे फेकला; तिथे बॉल पकडला की टचडाउन, सहा गुण. आपला डेस्मंड हॉवर्ड हवेत आडवा झाला, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि तसाच बॉल घेऊन जमिनीवर आला. पुढचं मला दिसलंच नाही, कारण बाईंनी मला मिठी मारली होती. जिचं नावही मला माहीत नव्हतं अशी बाई. आईला सोडून आल्यावर महिनाभरात कुणी मला मिठी मारली नव्हती. २४-१४ने जिंकलो. रात्री घरी पत्र लिहिताना खेळाबद्दल काही लिहिता येईना, म्हणून त्या मिठीबद्दल लिहिलं.

पुढे आम्हाला आमची सीझन तिकिटं मिळाली, आणि जागा बदलत बदलत शेवटी त्यांच्या बरोबर मागच्या ओळीत आलो. आमची मुलं त्यांना फुटबॉल आजोबा आणि फुटबॉल आजी म्हणायची. सामन्याच्या सकाळी स्टेडियमसमोरच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लागतात, तिथे त्यांची गाडी ठरलेल्या झाडाखाली असायची. मागचं दार वर, छोटी शेगडी पेटलेली, त्यावर सॉसेज, आणि डेक्स्टरच्या गिरणीतलं सफरचंदाचं सायडर. आमच्याकडून फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटेवडे, थर्मासमध्ये आल्याचा चहा. दिवाळीनंतरच्या सामन्याला चकल्या. आजी चकली तोडायच्या नाहीत, बाहेरून आत वळसे घेत खायच्या, आणि मधला ठिपका आजोबांना द्यायच्या.

आजोबा कॉलेजात कधीच गेले नव्हते. इप्सिलँटीजवळच्या विलो रनच्या कारखान्यात त्यांनी गाड्यांचे गिअरबॉक्स जोडण्यात आयुष्य घालवलं. हे मुद्दाम सांगते, कारण ज्यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नाही ते खरे चाहते नव्हेत, असं बोलणारे लोक इथे आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ह्यांच्याकडे तिथली पीएचडी आहे. पण त्या संघावर आजोबांचा जेवढा हक्क होता तेवढा आमचा कधीच नव्हता. १९६९ साली ओहायो स्टेटचा, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा संघ पहिल्या क्रमांकावर होता, सलग २२ सामने जिंकून आलेला, आणि बो शेंबेक्लरांचं प्रशिक्षक म्हणून इथलं पहिलंच वर्ष. मिशिगनने तो सामना २४-१२ने जिंकला, तेव्हा आजोबा तिथे होते. ती गोष्ट मी वीसेक वेळा तरी ऐकली असेन, आणि दर वेळी ती सुरू व्हायची त्या दिवशी त्यांनी कुठला कोट घातला होता इथपासून.

आणि बँड! ज्यांनी फक्त टीव्हीवर सामना पाहिलाय त्यांना बँड माहीतच नाही, कारण त्या वेळी टीव्हीवर जाहिराती असतात. सामन्याआधी निवेदकाचा आवाज घुमतो आणि बोगद्यातून दोनशेच्या वर मुलंमुली गुडघे उंच उचलत धावत येतात. त्यांचा म्होरक्या मागे वाकतो, इतका मागे की डोकं जमिनीला टेकतं. त्या क्षणी लाखभर माणसं श्वास धरून असतात. मग विद्यापीठाचं विजयगीत. लुई एल्बेल नावाच्या इथल्याच विद्यार्थ्याने ते १८९८ साली लिहिलं, शिकागोविरुद्ध १२-११ने जिंकल्याच्या आनंदात. एका गुणाने जिंकलेल्या सामन्यावरचं गाणं अजून चालू आहे. गणपतीत ढोल-ताशाच्या पहिल्या ठोक्याला छातीत जे होतं, तेच मला या गाण्याच्या पहिल्या सुरांना होतं, आणि हे बोलताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

हरलेले दिवसही तितकेच लख्ख आठवतात. २४ सप्टेंबर १९९४, कोलोराडो. आम्ही २६-२१ने पुढे, घड्याळात सहा सेकंद. लोक जागा सोडून पायऱ्या चढायला लागले होते. त्यांच्या कॉर्डेल स्टुअर्टने बॉल इतका उंच फेकला की तो खाली यायलाच तयार नव्हता. एंड झोनजवळ घोळक्यात कुणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि त्यांच्याच मायकल वेस्टब्रुकच्या हातात पडला. २७-२६. एक लाखाहून जास्त माणसं गप्प झाली की कसं वाटतं, ते मी त्या दिवशी ऐकलं. आजोबांच्या कानात रेडिओचा इअरफोन असायचा. तो काढून त्यांनी हळूहळू वायर गुंडाळली. आम्ही चौघं स्टेडियम रिकामं होईपर्यंत बसलो. मग आजींनी विचारलं, वडे उरलेत का?

१९९७चं काय सांगू, त्या वर्षी एकही सामना हरलो नाही. ओहायो स्टेटला २०-१४ने हरवलं, पोरं मैदानात धावली, आणि आपला चार्ल्स वुडसन दातांत गुलाब धरून फिरत होता. बचावाच्या फळीतला असून हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकणारा तो पहिला. २००७ला ॲपलाचियन स्टेटच्या लहानशा संघाकडून हरलो तो सामना मात्र मी आठवणार नाही म्हणते, तरी ३४-३२ हा आकडा डोक्यातून जात नाही.

आता माझं म्हणणं. मी नव्याच्या विरोधात नाही. १० सप्टेंबर २०११ला इथे पहिल्यांदा रात्रीचा सामना झाला, पुन्हा नोटर डेमच. त्याच शनिवारी मंडळाचा गणपती होता. मी आरती करून तशीच निघाले, पैठणीवर निळं जॅकेट घालून. १,१४,८०४ माणसं होती त्या रात्री. शेवटच्या ७२ सेकंदांत तीन टचडाउन झाले, आणि दोन सेकंद उरलेले असताना आपण ३५-३१ने जिंकलो. इतकी सुंदर रात्र मी क्वचितच पाहिली आहे. पण ती सुंदर होती कारण ती एकच होती.

खेळाडूंना पैसे मिळतात याचाही मला त्रास नाही. २०२१पासून ते स्वतःच्या नावावर कमावू शकतात, २०२५पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. मिळायलाच हवे होते. विसाव्या वर्षी गुडघा मोडून घेणाऱ्या मुलाला इतकी वर्षं काही न देता सगळ्यांनी कमावलं, हेच चुकीचं होतं.

मला सलतं ते वेगळंच. टीव्हीच्या पैशांसाठी या सगळ्या खेळाने शनिवारचा आकार मोडला. २०२४पासून बिग टेनमध्ये, म्हणजे मिशिगन ज्या साखळीत खेळतं तिच्यात, अठरा संघ आहेत, लॉस एंजेलिसची पोरं न्यू जर्सीला साखळी सामना खेळायला जातात. सामन्यात मधेच जाहिरातींसाठी खेळ थांबतो, एक माणूस मैदानावर येऊन उभा राहतो, आणि तो बाजूला होईपर्यंत थंडीत लाखभर माणसं नुसती बसून राहतात. पूर्वी त्या वेळात बँड वाजायचा, आता बऱ्याचदा स्पीकरवर रेकॉर्ड केलेली गाणी लागतात. आणि वेळ! कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने आपली पाळी सहा दिवस आधी कशी बदलून घ्यायची? नातवंडांना घेऊन दोन-तीन तास गाडी चालवत येणाऱ्या आजीने रात्री साडेअकराला परत कसं जायचं? जे तीस-तीस वर्षं एकाच बाकावर बसले, त्यांना ही वेळ परवडत नाही. मग ते त्या सामन्याचं तिकीट ऑनलाइन विकतात आणि शेजारच्या जागेवर दर शनिवारी नवा माणूस येतो.

वरचे सगळे स्कोअर मी न बघता लिहिलेत. ते लक्षात आहेत, कारण प्रत्येकाबरोबर एक चेहरा आहे. बो शेंबेक्लर २००६मध्ये ओहायो स्टेटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी गेले. ती बातमी आजींनी फोन करून सांगितली. त्या नुसतं माझं नाव घेऊन थांबल्या आणि मला कळलं.

आजी २००९मध्ये गेल्या. आजोबा त्यानंतर तीन हंगाम एकटे येत होते, मग गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात. शनिवारी मी त्यांच्याकडे वडे पोचवून स्टेडियमला जायचे. ते अंगणात रेडिओ लावून पानं गोळा करत असायचे. २०१४च्या हिवाळ्यात तेही गेले.

२७ नोव्हेंबर २०२१ला ओहायो स्टेटला दहा वर्षांनी हरवलं, ४२-२७. बर्फ पडत होता. सगळी पोरं मैदानात उतरली, माझा मुलगाही, तिशीकडे झुकलेला असून. मी वरच थांबले. समोरच्या ओळीतल्या त्या दोन जागांवर कोण होतं ते मला आठवत नाही. मी आठवायचा खूप प्रयत्न केला.

गेल्या हंगामात त्याच जागेवर एक तरुण मुलगा दोन सामन्यांना दिसला. दुसऱ्या वेळी मागे वळून म्हणाला, "तुम्ही मागच्या वेळीही इथेच होतात ना?" मी म्हटलं, हो, इथेच असते. मग डबा उघडला आणि त्याच्या हातात चकली ठेवली. त्याने ती कुठून खायला सुरुवात करायची असं विचारलं.