विल्मा बांकीला तिच्या उच्चारांनी संपवलं नाही

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट फिरत फिरत आली. विल्मा बांकी ही हंगेरीची, हॉलिवूडच्या मूकपटांतली मोठी नटी. बोलपट आले, तिचे हंगेरियन वळणाचे इंग्रजी उच्चार ऐकून थिएटरात हशा पिकला, तिचा मूकपटांतला नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने तिच्यासोबत बोलपट करायला नकार दिला, एका रात्रीत सगळं संपलं आणि ती कफल्लक होऊन मेली. खाली तात्पर्य: 'आधी इंग्रजी सुधारा, मग स्वप्नं बघा.' एका काकांनी त्यात माझ्या भाचीला मुद्दाम टॅग केलं. पोरगी मराठी शाळेत शिकलेली, एकांकिका करते. रात्री तिचा मेसेज आला, "मामा, हे खरंय का रे असं झालेलं?"

नाही. आणि ज्याने हे लिहिलं त्याने साध्या तारखाही बघितलेल्या नाहीत. व्हॅलेंटिनो ऑगस्ट १९२६ मध्ये गेला. बोलपटांची लाट आणणारा 'द जॅझ सिंगर' आला ऑक्टोबर १९२७ मध्ये. मेलेल्या माणसाने नकार कधी दिला?

आता उच्चार. बांकीचा पहिला, अर्धवट बोलका चित्रपट 'दिस इज हेवन', १९२९ चा. त्यात ती अमेरिकेत नुकतीच उतरलेली हंगेरियन मुलगी आहे, न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटात पॅनकेक भाजते. म्हणजे तिचे उच्चार लपवायचे नव्हतेच, भूमिकाच त्यांना धरून होती. चित्रपट पडला, हे मान्य. पण पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने तिला 'अ लेडी टू लव्ह'मध्ये नट एडवर्ड जी. रॉबिन्सनसमोर घेतलं. डबिंगची नीट सोय नव्हती, म्हणून तेव्हा स्टुडिओ तोच चित्रपट दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित करायचे. हाही इंग्रजीत आणि जर्मनमध्ये असा दोनदा झाला, आणि दोन्हीत नायिका बांकीच. सगळ्यात महत्त्वाचा तिचा शेवटचा चित्रपट, दिग्दर्शक-नट लुईस ट्रेंकरचा 'द रिबेल'. जर्मन आवृत्तीत नायिका लुईझे उलरिच. १९३३ च्या इंग्रजी आवृत्तीत? विल्मा बांकी. जिच्या इंग्रजीला म्हणे लोक हसले, तिलाच इंग्रजी आवृत्तीसाठी घेतलं. यापुढे मला वेगळा पुरावा द्यायची गरज वाटत नाही.

ती थांबली, कारण तिला थांबायचं होतं. १९२७ मध्ये तिने नट रॉड ला रॉकशी लग्न केलं आणि १९२८ पासूनच, म्हणजे तिचा पहिला बोलपट यायच्याही आधी, काही वर्षांत निवृत्त होणार असं ती सांगू लागली होती.

उच्चारांचा फटका कुणालाच बसला नाही असं मी म्हणत नाही. हंगेरीचीच मारिया कोर्दा, तिचं हॉलिवूडमधलं काम बोलपट आल्यावर संपलं आणि त्यात तिच्या इंग्रजीचा वाटा होता. पण मग गिटा अल्पारचं काय? बुडापेस्टची ही गायिका बर्लिनच्या ऑपेरेटामध्ये, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांत, गाजत होती, जर्मन चित्रपटांत नायिका होती. ती ज्यू होती. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि तिला जर्मनी सोडावा लागला. दुसरी हंगेरियन ज्यू नटी फ्रान्सिस्का गाल, तिचंही जर्मनीतलं काम तसंच बंद झालं. या बायकांची भाषा उत्तम होती, जर्मन प्रेक्षक त्यांच्यावर खूश होते, तरी दारं बंद झाली. हे सगळं गाळून 'इंग्रजी सुधारा' एवढंच पोरींना सांगायचं, याचा मला खरा राग आहे.

कफल्लक वगैरे तर साफ खोटं. नवरा-बायकोने जमीनजुमल्याचा व्यवसाय केला, ती म्हातारपणापर्यंत गोल्फ खेळली, आणि दोघांच्या नावाची मुलांच्या शिक्षणासाठीची संस्था आहे.

एकटी गेली, एवढं मात्र खरं. शेवटच्या आजारपणात कुणी भेटायला आलं नाही, याचं तिला फार लागलं. आपण गेल्याचं कुणाला कळवू नका, असं तिने वकिलाला सांगून ठेवलं. १८ मार्च १९९१ ला ती गेली, वय ९०. जगाला कळलं पुढच्या वर्षी.