चीनमुळे तेल महाग आणि चीनमुळेच सोयाबीन दहा हजार? त्या मेसेजमधली एकेक गोष्ट तपासू या

सोयाबीनवरचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या कामोठ्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून ऑफिसच्या ग्रुपवर गेला आणि मग औशाकडच्या भाऊबंदांच्या ग्रुपवरही पोचला. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मजकूर थोडक्यात सांगते. जगातलं सगळं सोयाबीन चीन उचलतोय. तिथले लोक टोफू आणि सोया सॉस करून ते संपवतात. आपलंही सोयाबीन न्हावा-शेव्यातून कंटेनर भरभरून तिकडे चाललंय आणि म्हणून आपल्या घरातलं तेल महाग झालंय. शेवटी शेतकऱ्यांना सल्ला आहे: अमेरिकेशी भांडण झाल्यामुळे चीन आता भारताकडे वळणार, भाव क्विंटलला दहा हजारांवर जाणार, माल विकू नका.

मी तुर्भ्याला खाद्यतेलाच्या दलालीच्या ऑफिसात काम करते. माहेर लातूरकडच्या औसा तालुक्यातलं, घरी सोयाबीनच. मेसेजमधली तेलाची चर्चा चुकली तर कोणाचं फारसं बिघडत नाही. पण "माल विकू नका" हे वाचून कोणी खरोखर पोती घरात रचून ठेवली, तर त्याच्या वर्षभराच्या पैशाचा प्रश्न आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

"जगातलं सगळं सोयाबीन चीन उचलतोय"

यात खरं आहे ते आधी मान्य करू. चीनइतकं सोयाबीन दुसरा कोणताही देश विकत घेत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चीन स्वतःची गरज भागवून थोडंफार बाहेर विकायचा. २००० साली त्याची आयात साधारण १ कोटी टन होती. २०२४ मध्ये ती साडेदहा कोटी टनांवर गेली. देशादेशांत जेवढ्या सोयाबीनची खरेदी-विक्री होते, त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास एकटा चीन घेतो.

पण जगात पिकतं ४० कोटी टनांहून जास्त. त्या हिशेबाने चीन आयात करतो तो साधारण चौथा हिस्सा. मागणी वाढली तशी लागवडही वाढली, हे मेसेजवाल्याने लक्षातच घेतलेलं नाही. ब्राझीलमध्ये २००० सालच्या सुमारास पावणेचार-चार कोटी टन पिकायचं, आता पंधरा कोटी टनांच्या वर पिकतं. मातो ग्रोसो प्रांतात नजर पोचेल तिथवर सोयाबीन आहे, आणि त्यासाठी तिथली गवताळ राने, जंगलं मोडली गेली. चिनी मागणीची सगळ्यात जड किंमत त्या जमिनीने मोजली आहे. चीनच्या आयातीतला सत्तर टक्क्यांच्या आसपास माल आता ब्राझीलचा असतो. अमेरिका दुसऱ्या नंबरला.

"टोफू आणि सोया सॉस करून संपवतात"

चीन स्वतःच्या शेतात साधारण २ कोटी टन सोयाबीन पिकवतो. ते बिगर-जीएम, म्हणजे जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याचं असतं आणि टोफू, सोया दूध, सॉस यांसाठी मुख्यतः तेच वापरतात. बाहेरून येणारं बहुतेक सगळं जीएम असतं आणि थेट गाळप कारखान्यात जातं.

गाळपाचा हिशेब कळला की पुढचं सगळं सोपं होतं. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं जेमतेम अठरा-एकोणीस किलो. ऐंशीच्या आसपास किलो उरते ती पेंड, आमच्या बाजारात जिला डीओसी म्हणतात. प्रथिनांनी भरलेली ही पेंड डुकरं, कोंबड्या आणि मासे खातात. जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये आहेत. गेल्या पंचवीस वर्षांत तिथल्या माणसाच्या ताटात मांस वाढलं, म्हणून आयात वाढली.

याचा पुरावाही आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि डुकरांचे कळपच्या कळप गेले. २०१७ मध्ये साडेनऊ कोटी टन असलेली आयात २०१८ मध्ये ८.८ कोटींवर आली. त्याच वर्षी जुलैमध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला होता, तेही एक कारण होतं. पण २०१९ मध्येही आयात सावरली नाही, कारण खाणारी डुकरंच उरली नव्हती. टोफूसाठी माल लागत असता तर डुकरांच्या रोगाने त्याला काय फरक पडला असता?

"आपलं सोयाबीन न्हावा-शेव्यातून चीनला चाललंय"

नाही. भारतात पिकतं सव्वा कोटी टनांच्या आसपास आणि त्यातलं बहुतेक इथेच गाळलं जातं. अख्ख्या दाण्याची निर्यात अगदी किरकोळ आहे. बाहेर जाते ती पेंड, अलीकडे वर्षाला २० लाख टनांच्या आसपास, आणि तिचे गिऱ्हाईक आहेत बांगलादेश, नेपाळ, इराण, जर्मनी, फ्रान्स. आपली पेंड बिगर-जीएम म्हणून युरोपात तिला मान आहे.

चीनला लागणारा माल साठ-पासष्ट हजार टनांच्या जहाजांतून, कंटेनरशिवाय, थेट पोटात ओतून जातो. सांतोस, परानाग्वा, न्यू ऑर्लिन्स ही त्याची बंदरं. चीन आपल्याकडून खरोखर काय उचलतो, तर मोहरीची पेंड. मार्च २०२५ मध्ये त्याने कॅनडाच्या पेंडीवर १०० टक्के कर लावला आणि आपल्या मोहरीच्या पेंडीची मागणी एकदम वाढली. मेसेज लिहिणाऱ्याने कदाचित ही बातमी ऐकून त्यात सोयाबीन घातलं असावं.

"म्हणून आपलं तेल महागलं"

ही समजूत सगळ्यात घट्ट बसलेली आहे. किराणा दुकानात, लिफ्टमध्ये, सगळीकडे ऐकू येते.

आधी आयातीचे आकडे आणि तेलाचे भाव शेजारी ठेवून बघू. चीनची आयात २०२० मध्ये १० कोटी टन होती, २०२१ मध्ये ती ९.६ कोटींवर आणि २०२२ मध्ये ९.१ कोटींवर उतरली. सलग दोन वर्षं घट. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा खाद्यतेल निर्देशांक तोवरच्या सर्वोच्च पातळीवर कधी होता? मार्च २०२२ मध्ये. म्हणजे चीन कमी घेत होता तेव्हा तेल सगळ्यात महाग होतं. पुढे २०२४ मध्ये चीनने विक्रमी खरेदी केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जगाचा भाव ज्यावरून ठरतो त्या शिकागोच्या बाजारात सोयाबीन चार वर्षांतल्या तळाला गेलं.

मग २०२२ मध्ये झालं काय? रशिया-युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, ती बंदी २३ मेला उठवली. आपण वर्षाला १.६ कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलकडून. त्या वेळी यातले दोन दरवाजे एकदम अडले. शिवाय अमेरिका, ब्राझील, इंडोनेशिया स्वतःचंच तेल बायोडिझेलमध्ये ओततात. इंडोनेशियाने २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के पामचं बायोडिझेल मिसळायला सुरुवात केली. कढईत येणाऱ्या तेलाशी आता ट्रकची टाकी स्पर्धा करते, आणि भाव वर राहायला हे कारण मोठं आहे.

दुसरं कारण आपल्याच दिल्लीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. आमच्या ऑफिसात त्या संध्याकाळी एकाच वेळी तीन-तीन फोन वाजत होते, कारण माल समुद्रात आणि भाव मात्र रात्रीत बदललेला. हेतू शेतकऱ्याला आधार द्यायचा होता, तो मला पटतोही. पण दिवाळीला सोसायटीतल्या प्रत्येक घराने जे जास्तीचे पैसे मोजले त्यात चीनचा हात नव्हता. मे २०२५च्या अखेरीला हे शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं.

आणि ही गोष्ट तर मेसेजच्या अगदी उलट आहे. २०२५ मध्ये चिनी कारखान्यांनी पेंडीसाठी इतकं सोयाबीन गाळलं की तेल त्यांच्याकडे साचून राहिलं, आणि भारतीय आयातदारांनी सुमारे दीड लाख टन सोयाबीन तेलाचे सौदे चीनकडून केले. चीन दाणा घेतो पेंडीसाठी, आपण बाहेरून घेतो तेल. दोघांची गरजच वेगळी आहे, आणि त्याच्या जास्तीच्या गाळपाने आपल्याला चार पैसे स्वस्त तेल मिळालं.

जाता जाता, दुकानात पिशवीच्या पुढच्या बाजूची किंमत बघून थांबू नका. उलटी करून निव्वळ वजन वाचा. लिटरभर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्या पिशव्याही त्याच आकाराच्या दिसतात आणि फळीवर शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात.

"चीन भारताकडे वळणार, सोयाबीन दहा हजार होणार"

२०२५ मध्ये चीनने कित्येक महिने अमेरिकेचं नवं सोयाबीन घेतलं नाही, हे खरं. पण तेव्हा तो वळला ब्राझीलकडे. सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनाने निर्यात कर काही दिवसांसाठी शून्य केला तेव्हा त्याने तिथून जहाजंच्या जहाजं बुक केली. ऑक्टोबरअखेर बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की चीन वर्षअखेरीपर्यंत १.२ कोटी टन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी २.५ कोटी टन घेणार. या सगळ्या घडामोडींत भारत कुठेच नव्हता.

कारण साध्या गुणाकारात आहे. २०२५च्या पावसाळ्यात शिकागोला सोयाबीन बुशेलला १० डॉलरच्या आसपास होतं. एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. रुपयात आणि क्विंटलवर आणलं तर ३,२०० रुपयांच्या जवळपास. आपला २०२५-२६चा हमीभाव होता ५,३२८ रुपये. चीनचा खरेदीदार क्विंटलमागे दोन हजार जास्त का देईल? आपला शेतकरी लोभी आहे असं यातून अजिबात निघत नाही. आपलं हेक्टरी उत्पादन दहा-अकरा क्विंटल, ब्राझील-अमेरिकेचं तेहेतीस-पस्तीस. कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरच्या रानात हमीभाव मिळाला तरी हातात फार उरत नाही, हे मी घरीच बघितलंय.

दहा हजारांचा आकडा आला कुठून, तर २०२१च्या जुलै-ऑगस्टमधून. तेव्हा लातूर-अकोल्याला तो भाव खरंच निघाला होता. पण तो निघाला जुना माल संपत आला होता तेव्हा, शेतकऱ्याच्या घरात पोतं नव्हतं तेव्हा. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली, ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम पेंड आयातीला परवानगी दिली, नवं पीक आलं आणि दसरा-दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर होता. त्या आठवणीवर कित्येकांनी पुढची वर्षं माल राखला. २०२३ मध्ये साडेचार-पाच हजार मिळाले, २०२४च्या हंगामात चार ते साडेचार हजार. त्या वर्षी हमीभाव होता ४,८९२.

२०२४ मध्ये भाव पडायला जी कारणं होती त्यातलं एक मेसेजमध्ये औषधालाही नाही. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. इथेनॉलचे कारखाने वाढले तसा हा चोथा ढिगाने बाजारात आला, पेंडीपेक्षा बराच स्वस्त. कोंबडीच्या खाद्यात त्याने सोयाबीन पेंडीची जागा खाल्ली. दाण्याची निम्म्याहून जास्त किंमत पेंडीतून येते, तेव्हा पेंड पडली की दाणा पडणारच. औशाच्या सोयाबीनचा भाव बीजिंगपेक्षा इथल्या पोल्ट्रीवर आणि इथेनॉल धोरणावर जास्त ठरतो. ग्रुपवर भांडायचंच असेल तर यावर भांडा, पेंडीला बाजार कसा मिळेल यावर भांडा.

गावाकडे ज्यांचा माल अजून घरात आहे त्यांनी गरजेपुरता विकावा की थांबावं, हे मी सांगणार नाही. देणं किती, जागा किती, हे ज्याचं त्याला माहीत. पण चीनच्या भरवशावर थांबू नये. हमीभाव केंद्रावर घालायचा असेल तर नोंदणीची मुदत चुकवू नका, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद आहे ना ते आधी बघा, आधार आणि बँक पासबुकावरचं नाव जुळतंय ना तेही. ओलाव्याची अट १२ टक्क्यांची असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी होईल असं धरू नका. मळणीनंतर दोन-तीन कडक उन्हं देऊन, माती-काडी चाळून मगच पोती भरा. मशिनमध्ये मूठभर दाणे टाकले की आकडा लगेच दिसतो, आणि तो चौदा आला तर गाडीभाडं भरून माल परत न्यावा लागतो.